नऊ आकडी श्रीमंतांस अनावृत पत्र

श्रीमंत राजमान्य राजश्री सोशल सिक्युरिटी क्रमांक, मुक्काम अमेरिका, यांचे सेवेसी, न्यू जर्सी प्रांती तूर्त वस्तीस असलेल्या एका हंगामी परदेशी नोकरदाराचे कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपल्या या विस्तीर्ण देशात पाऊल ठेवणाऱ्या उपऱ्याने प्रथम हवामानाशी आणि मग उच्चारांशी जुळवून घ्यावे, म्हणजे पुढचे सारे सुरळीत होते, अशी जी समजूत आमच्या पुण्या-सांगलीकडे अद्याप प्रचलित आहे, ती किती भाबडी आहे हे येथे उतरल्यावर लवकरच कळून चुकते. घरमालकाला आपण हवे असता, बँकेला आपण हवे असता, वीज पुरविणाऱ्या कंपनीला आपण हवे असता, आणि मोबाइलच्या दुकानातला जो कोवळा पोरगा आमचे आडनाव तीनदा ऐकूनही उच्चारू शकत नाही, तोदेखील आपले शेवटचे चार आकडे मात्र मोठ्या सराईतपणे मागतो. आमच्या कुळाची, पदव्यांची वा शीलाची चौकशी कोणीच करीत नाही. कायद्याने पाहू जाता, आपली स्वारी येण्यापूर्वीही आम्हांस काम करता येते आणि केवळ आपल्यावाचून पगार अडण्याचे कारण नाही. परंतु वेतनपत्रक करणाऱ्या इसमाच्या संगणकात त्या नऊ चौकटी रिकाम्या राहिल्या की त्याच्या मुद्रेवर जे मळभ दाटून येते, त्यावर कायद्यात इलाज सांगितलेला नाही.

आपले कुलवृत्त मी आदरपूर्वक वाचले आहे. महामंदीने लक्षावधी वृद्धांची आयुष्यभराची पुंजी धुऊन नेल्यावर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 14 ऑगस्ट 1935 रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्याच्या पोटी आपला जन्म; आणि 1936 च्या नोव्हेंबरात टपाल कचेऱ्यांमार्फत आपले वाटप सुरू झाले, तेव्हा कोणत्या कामगाराच्या खाती किती वेतन पडले याची रुजवात ठेवणे, एवढीच मर्यादित कामगिरी आपणांकडे होती. आपला हा विनय इतका पराकोटीचा की, 1946 पासून आपल्या कार्डावर ‘हे ओळखीसाठी नव्हे’ अशी स्पष्ट सूचनाच छापली जाऊ लागली. पुढे सैन्याने आपणांस उचलले, करखात्याने उचलले, बँकांनी तर डोक्यावरच घेतले. आणि ती सूचना 1972 साली निमूटपणे गाळून टाकण्यात आली, हे उचितच झाले, कारण ज्या गृहस्थावाचून गावात कोणाचीच ओळख पटत नाही त्याने आपल्या दारावर ‘येथे ओळखपाळख मिळत नाही’ अशी पाटी लावून बसावे, हे शोभेसे नव्हते.

आपल्या भक्तांची श्रद्धाही थोर. 1938 साली न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथील एका पाकीट-कारखानदाराने, कार्ड पाकिटात कसे नेटके बसते ते गिऱ्हाइकांस दिसावे म्हणून, स्वतःच्या कचेरीतील सेक्रेटरीबाईंचा खराखुरा क्रमांक नमुन्यादाखल छापून प्रत्येक पाकिटात घातला आणि ती पाकिटे वूलवर्थच्या दुकानांतून देशभर विकली गेली. कार्ड खऱ्याहून आकाराने निम्मे होते, त्यावर लाल अक्षरांत ‘नमुना’ असे छापलेले होते. तरीही 1943 साली 5755 माणसे तो क्रमांक स्वतःचा म्हणून बिनदिक्कत वापरीत होती, आणि वर्षानुवर्षांचा हिशेब केला तर ही संख्या 40,000 च्या वर गेली. आमच्याकडे एकाच सातबाऱ्यावर इतकी नावे चढल्याचे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही.

असो. आपल्या दर्शनाचा विधी असा की, देशात आल्यावर साधारण दहा दिवस थांबावे, म्हणजे परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या खात्याकडील आमच्या आगमनाची वार्ता आपल्या दफ्तरापर्यंत पोचते. मग पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि आय-94 नावाची प्रवेशनोंद घेऊन समक्ष हजर व्हावे आणि एसएस-5 हा अर्ज भरावा. अर्ज वस्तुतः सुटसुटीत आहे. पहिले नाव, मधले नाव, आडनाव. परंतु आमच्या पासपोर्टावर स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव ही दोन्ही एकाच रकान्यात नांदत असल्याकारणाने, खिडकीपलीकडच्या बाईंनी माझ्या वडिलांस माझ्या नावाचा उत्तरार्ध ठरवावे की स्वतंत्र मधले नाव, याचा क्षणभर विचार केला आणि मग उदार मनाने ते माझ्यावरच सोपविले. खरी कसोटी पुढच्या रकान्यात होती. ‘आईचे तिच्या जन्मवेळचे नाव’ असा तो रकाना आहे, आणि तो रचणाऱ्या सद्गृहस्थास असे वाटले असावे की स्त्रीचे लग्नात फार तर आडनाव बदलते. ताटातल्या तांदळांवर अंगठीने कोरून बायकोचे मूळ नावच पालटून टाकणारा एक प्रांत पृथ्वीतलावर आहे, याची त्याला कल्पना कोठून असणार? ज्या बाईला सारे घर गेली पन्नास वर्षे सुमनताई म्हणून ओळखते, ती जन्माने द्वारका होती हे तिचा मुलगा परक्या मुलखात, एका अर्जापायी, रात्री दूरध्वनी करून प्रथमच विचारून घेतो. त्या फोनवर आई बराच वेळ हसली, आणि मग माहेरच्या नावाचे स्पेलिंग काय करावे यावर आमचा जो वाद झाला त्याचा तपशील येथे देत नाही.

यथावकाश टपालाने आपण आलात. निळसर छटेचा कागदी तुकडा, दोन बाजूंस दोन खांब, मध्ये 3, 2 आणि 4 अशा गटांनी मांडलेले आकडे, आणि वर परदेशी नोकरदाराकरिता एक खास ओळ की, अंतर्गत सुरक्षा खात्याच्या परवानगीनेच हे कामास ग्राह्य. या कागदास प्लास्टिकचे आवरण घालू नये असा आपल्या खात्याचाच उपदेश आहे, आणि नवी प्रत वर्षात तीनदा व साऱ्या जन्मात दहादा एवढीच मिळते.

आमच्या कुटुंबाची कथा याहून सरस आहे. एच-4 व्हिसावर आलेल्या पत्नीस, कामाचा स्वतंत्र परवाना नसल्यास, आपले दर्शन निषिद्ध; परंतु अनेक राज्यांत वाहन चालविण्याचा परवाना मागू जाता तेथील कारकून आपलाच क्रमांक विचारतो, आणि तो नसेल तर ‘या बाई क्रमांक मिळण्यास पात्र नाहीत’ असा आपल्याच खात्याचा लेखी दाखला आणावयास सांगतो. तेव्हा ती सुशिक्षित स्त्री, जिने पुण्यात दहा माणसांवर देखरेख केलेली असते, सकाळी लवकर उठून, रांगेत उभी राहून, स्वतःची अपात्रता विधिपूर्वक सिद्ध करून घेते आणि ते पत्र फाइलीत जपून ठेवते. नकाराचीही सनद देणारे दफ्तर मी प्रथमच पाहिले. आमचे मामलेदार तोंडी नकारावर भागवीत.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पैसा. आमच्या वेतनातून दरमहा 6.2 टक्के आपल्या नावे आणि 1.45 टक्के वृद्धांच्या वैद्यकीय निधीकडे वळते होतात, आणि मालकासही तितकीच रक्कम भरावी लागते. यास माझी हरकत नाही. वृद्धांस पोसणे हा धर्मच आहे. परंतु स्वतःच्या वार्धक्यात या निधीतून निवृत्तिवेतन मिळावयाचे तर 40 श्रेयांक लागतात, वर्षाला अधिकात अधिक 4 मिळतात, आणि आमच्या एच-1बी व्हिसाची सामान्य मुदत आहे 6 वर्षांची. चोवीस श्रेयांक घेऊन मायदेशी परतणाऱ्या नोकरदाराच्या, त्याला आपण गणपतराव म्हणू, पदरी काय पडते, हे आपल्यासारख्या अंकशास्त्रज्ञास मी सांगावयास नको. व्हर्माँटच्या आयडा मे फुलर यांना 31 जानेवारी 1940 रोजी आपला पहिला मासिक धनादेश मिळाला, 22 डॉलर 54 सेंटचा; त्यांनी तीन वर्षांत भरले होते 24 डॉलर 75 सेंट, आणि शंभरी गाठून 1975 साली त्या निवर्तल्या तोवर त्यांना मिळाले 22,888 डॉलर 92 सेंट. त्या माउलीच्या दीर्घायुष्याचा मला निखळ आनंद आहे. मात्र तिने तीन वर्षे भरून पस्तीस वर्षे घ्यावे आणि आमच्या गणपतरावांनी सहा वर्षे भरून हात हलवीत यावे, यातला न्याय उलगडून सांगण्यास मोठ्या नैयायिकाचीच गरज आहे. ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत अडकून व्हिसा वाढत राहतो, त्यांची तेवढी दहा वर्षे सहज भरतात. भारतात जन्मलेल्यांसाठी ती रांगच इतकी लांब आहे. विलंब हा कोणाच्या तरी पथ्यावर पडतो तो असा.

याला उपाय नाही असेही नाही. दोन देशांनी तह करावा, अल्प मुदतीसाठी आलेल्यास मायदेशच्या निधीत राहू द्यावे, आणि दीर्घकाळ राहणाऱ्याची दोन्हीकडील वर्षे एकत्र धरावीत, हा शिरस्ता जगात जुना आहे. आपल्याच सरकारने इटलीशी असा करार 1978 साली अमलात आणला आणि त्यानंतर अनेक देशांशी केले. आमच्या बाजूने बेल्जियमशी झालेला करार 1 सप्टेंबर 2009 पासून लागू झाला; पुढे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान यांच्याशीही झाले. त्यामुळे पुण्याहून फ्रँकफुर्टला ठरावीक मुदतीवर पाठविलेला अभियंता भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा दाखला नेऊन तेथील पेन्शनच्या वर्गणीतून सुटतो, आणि शिकागोस पाठविलेले त्याचेच सहकारी गणपतराव सुटत नाहीत. अमेरिकेच्या कायद्यास समोरच्या देशात सर्वसामान्यांस लागू असणारी योजना हवी असते, आणि भारतातील बहुसंख्य कष्टकरी कोणत्याच निधीत नसल्याने घोडे तेथे अडते. हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या दिल्लीकरांनी 2008 साली यावर उतारा काढला तो जशास तसे या न्यायाचा: करार नसलेल्या देशाचा माणूस भारतात नोकरीस आला की त्याच्या पूर्ण पगारावर भविष्य निर्वाह निधीची वर्गणी कापावी, वेतनमर्यादा नाही. त्या नियमावर न्यायालयांत खटले झाले. पण शिकागोतल्या गणपतरावांस त्यातून एक सेंटही परत मिळाला नाही.

तरी, महाराज, आपण स्वतः काही करू शकत नाही हे जाणूनही हा अर्ज आपल्या दफ्तरी दाखल व्हावा, अशी विनंती आहे. आणि जे कोणी महाराष्ट्रातून इकडे येण्याच्या तयारीत आहेत त्यांस येथूनच सांगतो: आईचे जन्मनाव निघण्यापूर्वी विचारून ठेवा, दरवर्षी मिळणारे डब्ल्यू-2 हे वेतनपत्र फेकू नका, आणि श्रेयांक किती झाले ते आपल्या खात्यावर अधूनमधून पाहत जा. भारत आणि अमेरिका यांच्यातील करारावर अद्याप सही झालेली नाही.

कळावे, लोभ असावा, हे विज्ञापना.

आपला,
एक नियमित वर्गणीदार