झोपाळ्याच्या शोधात सहकुटुंब

शहरी कुटुंबातील मूल पळू लागले, की खालच्या मजल्यावरील रहिवाशांकडून प्रथम छतावरच्या आवाजाबद्दल नम्र विचारणा होते, पुढे ती तितकीशी नम्र राहत नाही, आणि या दोन अवस्थांच्या मधल्या काळात केव्हातरी ‘जवळपास मुलांना खेळायला चांगली जागा कुठे आहे’ या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास सुरू होतो. प्रस्तुत विवेचनाचे क्षेत्र मुख्यत्वे पुणे शहर हे आहे. मुंबईचे दाखले अधूनमधून घेतले आहेत, कारण आपल्याकडे परिस्थिती त्यामानाने बरी आहे असे वाटण्यासाठी पुणेकर पालकाला मुंबई लागते.

क्रीडांगणे स्थूलमानाने तीन ठिकाणी आढळतात : विकास आराखड्यात, गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात आणि जमिनीवर. विकास आराखडा म्हणजे शहरात रस्ते, शाळा, दवाखाने आणि बागा कोठे असाव्यात हे ठरवणारा कायदेशीर नकाशा होय. त्यातील एखाद्या भूखंडावर ‘क्रीडांगण’ असे नमूद झाले, की त्या भूखंडावर आरक्षण पडले असे म्हणतात. आरक्षण पडल्याने घसरगुंडी उभी राहत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ चा आशय असा, की दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली गेली नाही तर मालक नियोजन प्राधिकरणाला सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही काही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे साध्या भाषेत गळून पडते. आराखडा मंजूर झाला त्या वर्षी दोन वर्षांचे असलेले मूल दहा वर्षांनी बारा वर्षांचे होते, आणि ‘बारा वर्षांवरील मुलांनी झोपाळ्यावर बसू नये’ या सर्वत्र आढळणाऱ्या पाटीनुसार तेही व्यपगत होते. कायद्याची आणि बालवयाची अशी अचूक सांगड अन्यत्र क्वचितच पाहायला मिळेल.

माहितीपत्रकातील क्रीडांगण तुलनेने हिरवे असते आणि त्यात पतंग उडवणारी, गोऱ्या गालांची, शेजारी कधीही न भेटणारी मुले खेळत असतात. पुढे ते प्रत्यक्षात येतेही, परंतु बहुधा पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर अंथरलेल्या कृत्रिम हिरवळीवर. मुंबईतील एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने नियमानुसार सोडावयाची किमान मनोरंजन-जागा जमिनीवरच असली पाहिजे, पोडियमवर चालणार नाही, असे स्पष्ट केले. मुलांनी जमिनीवर खेळावे हे ठरवण्यासाठी देशातील सर्वोच्च न्यायपीठाचा वेळ खर्ची पडावा, यावरून विषयाचे गांभीर्य लक्षात येते.

जमिनीवरील बागांची माहिती मिळवण्याचे पारंपरिक साधन म्हणजे आजी-आजोबा. ही माहिती तपशीलवार आणि आत्मविश्वासपूर्ण असते, फक्त ती जुन्या काळची असते. ‘पेशवे पार्कात न्या, वाघ दाखवा’ असा सल्ला आजही दिला जातो, जरी तेथील प्राणी १९९९ साली कात्रजला हलवले गेले आणि वाघ तेव्हापासून स्वारगेटच्या पलीकडे बराच पुढे राहतात. त्या उद्यानातील फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासूनची असल्यामुळे तिच्याबद्दलचा सल्ला मात्र तीन पिढ्या टिकला. मुंबईत हेच स्थान मलबार हिलवरील कमला नेहरू पार्कमधील म्हातारीच्या बुटाचे आहे; तो बूट पाहिला नाही असा मुंबईकर आजोबा मिळणे कठीण. आजोबांच्या शिफारशीमागे बागेच्या गुणांपेक्षा तिथे खाल्लेल्या भेळेची आठवण अधिक काम करत असावी असा दाट संशय आहे, आणि तो निराधार नाही.

नकाशा, माहितीपत्रक आणि आजोबा या तिन्ही साधनांत एकच उणीव आहे : ती जागा सांगतात, वेळ सांगत नाहीत. खेळाच्या जागेचा गुण तिच्या क्षेत्रफळात जितका असतो त्याहून अधिक तो घड्याळात असतो, हे ज्या कुटुंबाला लवकर उमगते त्याच्या पुष्कळ रिक्षा वाचतात. सकाळी सहाला तीच बाग हास्यसंघाची असते, आणि तेथे पोचलेले लहान मूल एकाच वेळी हात वर करून हसणारी वीस वडीलधारी माणसे पाहून आईला घट्ट बिलगते. दुपारी बहुतेक बागांना कुलूप असते. शाळा सुटलेली मुले आणि उघडी बाग यांची गाठ पडू नये अशी ही योजना नसावी, पण परिणाम तोच होतो. साडेचारला फाटक उघडते तेव्हा एप्रिल असेल तर स्टीलची घसरगुंडी पोळ्या भाजण्याइतकी तापलेली असते, आणि अनुभवी आया प्रथम तळहाताची मागची बाजू टेकवून पाहतात. फायबरच्या घसरगुंडीचा हंगाम वेगळा; कोरड्या थंडीत तिच्यावरून उतरलेल्या मुलाचे केस उभे राहतात आणि त्याला उचलून घेणाऱ्या बापाला बारीकसा झटका बसतो, कारण घर्षणाने अंगात साठलेली स्थिर वीज वाट शोधत असते. पावसाळ्यात झोपाळ्याच्या बरोबर खाली, पाय घासून घासून पडलेल्या खळग्यात, तळे साचते. हा खळगा म्हणजे दोष मानू नये. ज्या झोपाळ्याखाली खळगा नाही त्याच्यावर कोणी बसत नाही असे समजावे. वापराचा इतका प्रामाणिक पुरावा कोणत्याही फलकावर मिळणार नाही.

सहा वाजल्यानंतर मोकळे मैदान क्रिकेटचे होते. दादरचे शिवाजी पार्क, जे १९२५ साली लोकांसाठी खुले झाले, या बाबतीत विद्यापीठच होय. तेथे शेजारशेजारच्या खेळपट्ट्यांवर इतके सामने एकाच वेळी चालतात, की एका सामन्याचा मिडऑन हा दुसऱ्याचा थर्डमॅन असतो आणि चेंडू नेमका कुणाचा याचा निर्णय ज्याच्या हाती तो लागेल त्याच्या स्वभावावर अवलंबून राहतो. अशा मैदानात तीन वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने मधून चालत जाऊ नये, कडेकडेने जावे.

बागांमध्ये अलीकडे ओपन जिम, म्हणजे उघड्यावर बसवलेली व्यायामाची साधने, आली आहेत. ती प्रौढांसाठी आहेत असे पाटीवर लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्यांवर मुले लोंबकळतात, तर मुलांच्या झोपाळ्यांवर काकू बसून भाजीचे भाव बोलतात. ही अदलाबदल कोणत्याही ठरावाशिवाय, गल्लोगल्ली, एकसारखी घडून आली आहे. रखवालदार शिट्टी वाजवतो ती मुलांसाठी. काकूंना शिट्टी वाजवणारा रखवालदार अद्याप नेमला गेलेला नाही.

झोपाळ्यासाठीच्या रांगेचे अंकगणितही स्वतंत्र आहे. ‘दहा झोके झाले की उतरायचं हं’ असे बसलेल्या मुलाची आई मोठ्याने म्हणते, ते मुलासाठी नसून रांगेतील पुढच्या आईसाठी असते. ती उत्तरादाखल ‘असू दे हो, घाई नाही’ म्हणते, आणि मनात मोजत राहते. सातव्या झोक्याला फुगेवाला जातो, लक्ष विचलित होते, आणि मोजणी पुन्हा चारपासून सुरू होते. या क्षणी दोन्ही आयांच्या चेहऱ्यांवर जे स्मित असते ते टिकवणे हाच खरा व्यायाम.

या सर्व संशोधनात ज्याच्यासाठी ते चालते त्याचे मत शेवटी विचारले जाते, आणि ते निष्कर्ष उलटेपालटे करते. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सी. टी. सोरेन्सेन यांनी मुलांसाठी बागा आखल्या आणि त्यांच्या लक्षात आले, की मुले त्या सोडून बांधकामांवर आणि भंगारात रमतात. तेव्हा १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातील कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे, लाकडे, विटा आणि टाकाऊ सामान देऊन खेळू देणारे ‘भंगार-क्रीडांगण’ सुरू झाले. पुण्यातील मुलांना हे तत्त्व कुणी शिकवावे लागलेले नाही. दोन बसेस बदलून, तिकीट काढून, नामांकित बागेतून परतलेले मूल सोसायटीच्या दारातील वाळूच्या ढिगाकडे पाहून ‘इथेच थांबू या ना’ म्हणते आणि चप्पल काढते. जाणकार पालक म्हणून नव्या बागेच्या उद्घाटनापेक्षा कुठल्या इमारतीचा गिलावा निघणार आहे याची चौकशी अधिक ठेवतात. हल्ली नदीची वाळू दुर्मीळ झाल्याने दगड भरडून केलेली क्रश सँड येते. ती पायाला टोचते, तिचे बोगदे लवकर ढासळतात, आणि कंत्राटदाराने माल कोणता उतरवला हे बांधकाम समितीच्या आधी पहिलीतल्या मुलांना कळते.