पंपाविना पुरंदर

कॅनडाला जाताना भाच्यानं त्याची रोड बाइक माझ्या गळ्यात घातली. "मामा, पडून राहण्यापेक्षा तू चालव." ती सायकल आहे नऊ किलोची. मी शहाऐंशी. बायको म्हणाली, "अहो, तिच्यापेक्षा तुम्हालाच कॅरिअरवर टाकून कुणीतरी फिरवून आणायला हवं." ह्या सायकलला कॅरिअर नसतं. स्टँड, घंटी, मडगार्डही नसतं. एवढं सगळं काढून घेतल्यावर तिची किंमत दसपट होते.

बेत मोठा होता. कोंढव्यावरून बोपदेव घाट, चांबळी, सासवड, पुढे जेजुरी आणि परत येताना दिवे घाट. शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत काय काय पाहायचं याचा कागद मी आदल्या रात्री लिहून काढला: कानिफनाथ, सोपानदेवांची समाधी, संगमेश्वर, पुरंदऱ्यांचा वाडा, मल्हारगड, खंडोबा. मग इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं वाचलं, की चढावर प्रत्येक ग्रॅम महत्त्वाचा. मी उठलो, सायकलला लावलेला छोटा पंप काढला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. एकशे साठ ग्रॅम. पंप घरी ठेवला. पंपच नाही म्हटल्यावर त्याच्याबरोबरचं बोटाच्या पेराएवढं पितळी ॲडॉप्टर कशाला, म्हणून तेही फ्रिजवर ठेवलं. मग वजन कमी केल्याच्या आनंदात दोन बेसनाचे लाडू खाल्ले.

बोपदेव घाटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्यातला बराचसा मी खाली मान घालून पुढच्या चाकाकडे बघत चढलो. मधे चार वेळा उतरून फोटो काढले. एकाच होर्डिंगचे सात फोटो आलेत. दमलेला माणूस उभा राहिला तर दमलेला दिसतो. हातात मोबाइल धरला तर रसिक दिसतो. पोरंपोरी शेजारून सुर्रकन जात होती आणि जाताना "कम ऑन अंकल" म्हणत होती. हे मला अजिबात आवडत नाही. मी येतोच आहे. न येऊन जाणार कुठे?

आणि घाटात जे लोक रात्री बाटल्या फोडून जातात, त्यांना एकदा अनवाणी चढायला लावलं पाहिजे. कडेच्या दोन फुटांत, जिथून सायकलवाला जाणार, तिथेच सगळा काचांचा सडा.

वर पोचल्यावर कानिफनाथाचा डोंगर दिसतो. तिथे गाभाऱ्यात जायला हातभर खिडकीतून सरपटत आत शिरावं लागतं. मी पोटाकडे पाहिलं आणि नाथांना खालूनच नमस्कार केला.

पण त्यानंतरचा रस्ता! भिवरीपासून तो असा काही लवत-वळत खाली जातो, की पायडल मारायची लाज वाटावी. थोडा उतार, चिमूटभर चढ, परत उतार. दोन्हीकडे अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा. समोर दक्षिणेला पुरंदर आणि त्याला चिकटून वज्रगड. मला वाटलं, आपण एकसष्ट वर्षांचे नाहीच. हँडल सोडून गाणं म्हणावं असं मनात आलं. पण हँडल सोडता येत नाही आणि गाणंही येत नाही, म्हणून नुसतंच "वा" म्हणालो. मागून कुणीतरी "फुस्स" म्हणालं.

मागच्या चाकात बाभळीचा काटा. काचांतून सुखरूप आलेला टायर काट्यानं खाल्ला.

इथून पुढे दीड किलोमीटर मी चालत गेलो. सायकलच्या चड्डीला बसायच्या जागी उशी शिवलेली असते. सायकलवर ती दिसत नाही. चालायला लागलं की गावभर दिसते. बांधावर बसलेल्या एका आजीबाईंनी फार मायेनं विचारलं, "कंबर धरली का रं बाबा?" मी हो म्हणालो. सांगायला तेच सोपं होतं.

चांबळीच्या अलीकडे लिंबाखाली पंक्चरचं दुकान होतं. फांदीला टांगलेला टायर, त्यावर चुन्यानं 'पंक्चर', खाली कॉम्प्रेसर आणि काळ्या पाण्याचं घमेलं. चाळिशीचा दुकानदार आणि त्याचा दहाबारा वर्षांचा मुलगा. दुकानदारानं ट्यूब बाहेर काढली, घमेल्यात बुडवून दाबली. उरलीसुरली हवा बुडबुड्यानं वर आली. "घावलं." मग त्यानं फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. आत कात्री, काचकागद, रबराचे तुकडे आणि सोल्युशनची पिळून पिळून सपाट केलेली ट्यूब.

तो वास आला आणि मी गप्प झालो. माझे वडील खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत होते. कसब्यातून रोज सायकलनं जायचे. पँटीला क्लिप, कॅरिअरला डबा, आणि घरी पलंगाखाली अगदी असाच एक पत्र्याचा डबा. पंक्चर ते स्वतः काढायचे आणि मला घमेल्यातले बुडबुडे बघायला बसवायचे. बुडबुडा पहिल्यांदा मला दिसला की म्हणायचे, "शाब्बास, नजर आहे तुला." बत्तीस वर्षं ते घाम गाळत गेले-आले, आणि त्याला कुणी सायकलिंग म्हटलं नाही. त्यांनीही नाही.

"झालं काका. हवा कुठनं भरायची?"

इथे मला भानावर यावं लागलं. वाचकहो, सायकलच्या हवेची तोंडं तीन जातींची असतात. एक आपल्या जुन्या काळ्या सायकलची. दुसरी मोटारसायकल-गाडीची. तिसरी प्रेस्टा नावाची, फ्रान्समधून आलेली, सुईसारखी बारीक, टोकाला एवढीशी पितळी चकती असलेली. माझी तिसरी. गावचा कॉम्प्रेसर दुसरीचा. दोघांची गाठ घालून देणारं भिक्षुकासारखं जे ॲडॉप्टर असतं, ते फ्रिजवर.

दुकानदारानं नळी लावून पाहिली. हवा सगळीकडे गेली, फक्त ट्यूबमध्ये गेली नाही. बोट लावून पाहिलं. रबराचा तुकडा गुंडाळून पाहिला. "दुसरी ट्यूब घालू का, मोटारसायकलच्या तोंडाची?" घातली असती, पण माझ्या रिमचं भोक साडेसहा मिलिमीटरचं आणि त्या तोंडाला साडेआठचं लागतं. "मग भोक मोठं करू की. ड्रिल हाय." मी सायकलीला मिठी मारली.

भाच्याला फोन लावला. तिकडे रात्र.

"मामा, ॲडॉप्टर?"

"फ्रिजवर."

बराच वेळ कुणी बोललं नाही. कॅनडाचा कॉल महाग पडतो असं म्हणून मी ठेवून दिला.

समोर पुरंदर दिसतच होता. जून १६६५ मध्ये त्याच्या पायथ्याशी मिर्झाराजांची छावणी होती. मुरारबाजी देशपांडे पडले, आणि महाराजांना तेवीस किल्ले देऊन बारा ठेवून तह करावा लागला. मी माझ्याजवळ देण्यासारखं काय आहे ते पाहू लागलो. एक हेल्मेट, एक केळं, दोन ट्यूब. दुसरी ट्यूब नवीकोरी होती आणि तिचंही तोंड तसलंच. टेम्पोत टाकून सायकल परत न्यावी, एवढी एकच शर्त उरली होती.

"आजोबा, टोपी हाय का तिची?"

हे दुकानदाराचं पोरगं. 'अंकल'पर्यंत मी सोसलं होतं. ठणकावून सांगावं असं तोंडावर आलं होतं, पण मी खिशातून व्हॉल्व्हची काळी प्लॅस्टिकची टोपी काढून दिली. त्यानं ब्लेडनं तिचं टोक उडवलं. त्यातून आरपार दिसलं. मग चाकावरच्या सुईची पितळी चकती सैल केली, टोक कापलेली टोपी तिच्यावर फिरवून बसवली आणि बापाच्या हातातली नळी घेऊन टोपीवर दाबली. तोंड एकदम मापात जाड झालं होतं. निम्मी हवा बाहेर गेली, निम्मी आत. चाक फुगायला लागलं.

"तुला कसं रे माहीत?" बापानंच विचारलं.

"दर म्हयन्याला एक येतोय असला. मागल्या येळंला तुमी जेवाय गेलता."

"त्याच्याकडेही पंप नव्हता?" मी आशेनं विचारलं.

"घरी ठिवला हुता. वजन हुतं म्हनं."

शंभर पौंड लागते तिथे साठ पौंड हवा भरली. तेवढ्यावर जेजुरी रद्द. सासवडला सोपानदेवांच्या समाधीला डोकं टेकवलं. पुरंदऱ्यांच्या वाड्याचा शनिवारवाड्यासारखा दरवाजा बाहेरून पाहिला. संगमेश्वराच्या घाटावर केळं खाल्लं. अत्र्यांनी आत्मचरित्राला जिचं नाव दिलं ती कऱ्हा हीच. मल्हारगड पाहिला नाही.

दिवे घाट मी ब्रेक दाबून उतरलो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी हाच घाट चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावतात, आणि मागे-पुढे माणसं डोक्यावर तुळस घेऊन चालतात. पायथ्याशी मस्तानी तलाव आहे. खालून वर बघत येणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. वरून उतरताना माझं सगळं लक्ष मागच्या चाकावर होतं.

पंक्चरचे चाळीस रुपये झाले. टोपी कापायचे त्यांनी काही घेतले नाहीत. तुम्ही जाणार असाल तर पंप बरोबर ठेवा. नसेलच ठेवायचा, तर पोराची शाळा अकराची असते. साडेदहाच्या आत पंक्चर व्हा.