बेवारस डबा

कल्याण-कर्जत लाईनवर ज्यांची हयात गेली, त्यांना दोन गोष्टी झोपेतसुद्धा पाठ असतात. एक आपल्या लोकलची वेळ आणि दुसरी ती घोषणा: बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. अशा माणसांना रविवारी पहाटे सायकलवर बसवायचं, कुठल्यातरी झाडाखाली लपवलेला अनोळखी डबा शोधायला लावायचा आणि वर तो उघडायलाही सांगायचं, ही कल्पना आमच्या सोसायटीत जन्मणं शक्य नव्हतं. ती ऑरेगनहून आली. भाच्याबरोबर.

भाचा पोर्टलंडला असतो, आणि या डबे शोधायच्या खेळाचा, म्हणजे जिओकॅशिंगचा, उगमच मुळी त्याच्या राज्यातला. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने सर्वसामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम कालवून ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर-शंभर मीटर हुकणारं यंत्र एका रात्रीत शहाणं झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने जंगलात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून दिले. बादलीत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि उसळीचा एक हवाबंद डबा. तेव्हापासून जगभर लाखो डबे लपवले गेले. डब्यात वही असते, सापडला की सही करायची. आतली एखादी वस्तू घेतली, तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची.

“म्हणजे शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही,” वहिनी म्हणाल्या. “हे शिकायला अमेरिकेला गेलास?”

भाच्याचं दुसरं वेड सायकलचं. तिकडे गाड्या बंद पडलेल्या मार्गांवरचे रूळ उखडतात आणि तिथे सायकलींसाठी सपाट, सावलीची वाट करतात. तसंच काहीतरी इकडे असेल, असं तो धरून चालला होता. इकडे १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे गाडी सुटली, ती अजून दम खायला थांबलेली नाही. उलट कल्याण-बदलापूरला तिसरी-चौथी लाईन टाकायचं चाललंय. रूळ मोकळे व्हायची वाट बघायची, तर सायकल पणतूच्या नावावर करून ठेवावी लागेल. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ ग्रुपवर टाकलं: हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग असं ठरलं की रूळ डोळ्यांना दिसतील आणि कायद्याला आम्ही दिसणार नाही, अशा रस्त्याने जायचं. उल्हासनगर ते बदलापूर, रेल्वेने मोजलं तर दहा किलोमीटर.

डब्याचाही प्रश्न होताच. तिकडे या खेळासाठी लष्करातून मोडीत काढलेल्या, काडतुसांच्या लोखंडी पेट्या सगळ्यात उत्तम समजतात. पाणी शिरत नाही म्हणे. ज्या अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, तिथे झाडीत दारूगोळ्याची हिरवी पेटी ठेवायची! सोसायटीच्या सेक्रेटरींना ऐकूनच घाम फुटला. शेवटी श्रीखंडाचा डबा पक्का झाला. तो कुठल्याही मराठी घरात निघतो आणि त्यात श्रीखंड सोडून काहीही असू शकतं.

निघालो उल्हासनगरहून. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र अजून छावणीचाच: बॅरक नंबर, सेक्शन, कॅम्प. भाचा फोनमध्ये दशांशाचे सहा-सहा आकडे भरत बसला, तोवर कॅम्प पाचचा रिक्षावाला पत्ता ऐकून आमच्यातल्या उशिरा येणाऱ्यांना दारात सोडून गेलाही. दाल-पकवान खाल्ल्याशिवाय उल्हासनगर सोडणं बरं दिसलं नसतं. खाल्ल्यावर सायकल चालवणं जमेना. सेक्रेटरींनी परिपत्रक काढून सक्तीची केलेली हेल्मेटं हँडलला लटकत होती.

अंबरनाथच्या शिवमंदिरात थांबलो, वालधुनीच्या काठी, नाकाला रुमाल लावून. दारावरच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. “बघ, मौल्यवान गोष्ट खाली दडवायची आणि दारावर तारीख घालून ठेवायची. तुझा खेळ आम्ही हजार वर्षांपूर्वी खेळून बसलोय,” काका म्हणाले. भाच्याने तिथेही एक डबा ठेवावा का, म्हणून विचारलं. संरक्षित स्मारकात असलं काही करायचं नाही, हे त्याच्याच खेळाचं शहाणपण त्याला काकांनी ऐकवलं.

खरा डबा भाच्याने आदल्या संध्याकाळी बदलापूर रस्त्याला, चिखलोलीच्या अलीकडे, एका पिंपळाच्या पाराशी लपवला होता. फोन म्हणत होता, तीन मीटर. त्या तीन मीटरांत एक पिंपळ, एक विजेची डीपी, पंक्चरवाल्याची पाण्याची घमेली आणि विसर्जनाची वाट बघत असलेल्या, काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी. आम्ही वाकलो मात्र, मागून आवाज आला.

“काय हरवलं?”

“काही नाही.”

“मग शोधताय काय?”

“डबा.”

“कुणाचा?”

“आमचाच.”

“ठेवला कुणी?”

“आम्हीच.”

विचारणारा रिक्षावाला काही क्षण आमच्याकडे बघत राहिला. मग बिचारा रिक्षा बाजूला लावून शोधायला लागला. हा खेळ माहीत नसलेल्या माणसाला जिओकॅशिंगवाले ‘मगल’ म्हणतात, हॅरी पॉटरवरून. मगलांच्या देखत डबा शोधायचा नाही, असा दंडक आहे. पाच मिनिटांत आमच्याभोवती पंधरा मगल ओणवे झाले होते. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “मंगळसूत्र पडलं असणार, सांगायला लाजतायत.” एकाने गटारावरची फरशी उचलली. शेजारून धडधडत गेलेल्या बदलापूर लोकलच्या दारातूनही कुणीतरी ओरडून विचारलं. काय विचारलं ते कळलं नाही, पण त्याला उतरता आलं असतं तर तो नक्की उतरला असता.

गर्दी म्हटल्यावर हवालदार आलेच. त्यांनी एकदाच चौफेर नजर टाकली आणि काठीने तसबिरींच्या मागे दाखवलं. डबा होता. झाकणाला हळदकुंकू लागलेलं होतं, वर जास्वंदीचं फूल आणि पुढे विझलेल्या उदबत्तीची काडी.

“काल रात्रीपासून आहे,” मावशी म्हणाल्या. “पिंपळाखाली कोण उगाच काही ठेवतं का? मीच फूल वाहिलं.”

हवालदारांनी सगळ्यांना मागे सारलं. जबाबदार व्यक्ती कोण, असं विचारल्यावर सोसायटीच्या प्रत्येक फोटोत मध्यभागी उभे राहणारे आमचे सेक्रेटरी टायरमधली हवा बघायला लागले. भाच्याने मोडक्या मराठीत उपग्रह, बादली आणि ऑरेगन सांगितलं. हवालदारांनी ऐकून घेतलं, डबा दोनदा काठीने ठोकला आणि उघडला. आत वही, पेन, नेलकटर, टिकल्यांचं पाकीट आणि एक अमेरिकन नाणं निघालं.

“सही करा ना, साहेब. पहिले तुम्ही शोधलात,” भाचा म्हणाला. या खेळात पहिल्या शोधकाचा मान मोठा असतो.

त्यांनी पेन घेतलं आणि रीतसर लिहिलं: नाव, बक्कल नंबर, दिनांक, वेळ. खाली आतल्या वस्तूंची यादी, नाण्याचं वर्णन, ‘समक्ष उघडला, आक्षेपार्ह काही नाही’ आणि पंच म्हणून रिक्षावाल्याची व मावशींची सही. जगातल्या लाखो डब्यांत पंचनामा झालेला डबा दुसरा नसावा. मावशींनी नियम ऐकून नेलकटर उचललं आणि त्याजागी दोन लिंबं ठेवली. खाण्याची वस्तू चालत नाही, असं भाचा म्हणणार होता. वहिनींनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

डबा तिथेच ठेवू द्यायला हवालदार तयार नव्हते. पुन्हा झाडाखाली ठेवला असता, तर महिन्याभरात त्यावर छप्पर आलं असतं, हेही खरंच. हा खेळ निर्जन जागी बरा चालतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे आता निर्जन असं काही उरलेलं नाही, आणि जिथे माणूस नाही तिथे कुणाचा तरी ‘प्लॉट विकणे आहे’ असा बोर्ड आहे.

म्हणून आम्ही डबा घेऊन बदलापूर ओलांडलं आणि कोंडेश्वरच्या वाटेवर, भोज धरणाच्या बाजूला, एका चहावाल्याच्या हवाली केला. तो डबा बिस्किटांच्या बरणीमागे ठेवतो आणि मागितला की देतो. अक्षांश-रेखांश लागत नाहीत, ‘तो श्रीखंडाचा डबा’ म्हटलं की पुरे. भाच्याच्या मते हे जिओकॅशिंग नव्हे. पण त्या वहीत सह्या मात्र त्याच्या पोर्टलंडच्या डब्यापेक्षा लवकर भरतायत.

कुणाला जायचं असेल तर खुशाल जावं. शक्यतो रविवारची गर्दी टाळा, चहा घ्या आणि जाताना पेन घेऊन जा. डब्यातलं पेन कुणीतरी नेलंय, आणि त्याजागी दुसरी वस्तू ठेवलेली नाही.