सात श्लोकांची कमांड

वर्धेकाठच्या कौंडण्यपूरची लेक रुक्मिणी. भावानं शिशुपालाशी लग्न ठरवलं, तेव्हा तिनं द्वारकेला निरोप धाडला. भागवतात तो सात श्लोकांचा आहे. कोण, केव्हा, कुठल्या देवळापाशी, कसं न्यायचं, सगळं त्यात. कृष्ण आला, काम फत्ते.

आमचे संगणकवीर मात्र व्हर्च्युअलबॉक्समधल्या आभासी मशीनची मेमरी वाढवायलाही माउस घेऊन खिडक्याखिडक्यांतून हिंडतात. मशीन एक असेल तर ठीक. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस असतील तर दुपार गेलीच म्हणायची. त्यापेक्षा रुक्मिणीसारखा नेमका निरोप, म्हणजे कमांड, धाडा: 'व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम', पुढे मशीनचं नाव, मग मेमरीचा पर्याय आणि 4096 हा आकडा लिहा, एंटर दाबा. आकडा मेगाबाइटचा, म्हणजे चार जीबी झाले.

अट एकच: मशीन पूर्ण बंद हवी. नुसती 'सेव्ह' करून निजवलेली चालत नाही. भारनियमन सोसलेल्या वऱ्हाडाला ही अट जाचक वाटू नये. बंद करायचं पुण्यकर्म इथं बरेचदा वीजच उरकते.

आता औदार्याचं बघा. आठ जीबीच्या लॅपटॉपवर चार-चार जीबीच्या तीन मशीन बिनदिक्कत मंजूर करता येतात. कमांड हूं की चूं करत नाही. तिन्ही एकदम सुरू केल्या, की लॅपटॉप मान टाकतो आणि मंजुरी कागदावरची होती हे कळतं. पॅकेजच्या घोषणा ऐकून कान किटलेल्या कापूसवाल्याला हे वेगळं शिकवायला नको.

तेव्हा बाप्पा, एंटर दाबण्याआधी घरची मेमरी मोजा. मंजूर करायला काय लागतं? द्यायला लागतं.