नाही म्हणायचा तास

‘सॉफ्ट स्किल्स’ना सरकारी मराठीत ‘मृदू कौशल्ये’ म्हणतात. हा शब्द बालगृहातल्या फळ्यावर लिहिला, तेव्हा पुढे बसलेल्या मुलीनं विचारलं, “मृदू म्हणजे मऊ ना? मग कडक कौशल्य कुठलं?” आमचा स्वयंसेवक उत्तर जुळवत होता, तोवर मागून आवाज आला, “मावशींची कालची भाकरी!” स्वयंपाकाच्या मावशी दारातच उभ्या होत्या. पहिला तास तिथंच संपला.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शिवाय राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. ज्या प्राध्यापकाला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याकडे हे पद आपोआप येतं. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. ‘नॉट मी बट यू’ हे तिचं ब्रीद. ‘मी नाही, तुम्ही’ हेच वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये जबाबदारी ढकलताना म्हणतात, आणि त्यातला ‘तुम्ही’ दरवेळी मी असतो.

स्वयंसेवकांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. झाडं लावून आणि रस्ते झाडून यंदाच्या मुलांना कंटाळा आला होता. म्हणून ठरलं, की रविवारी सकाळी दोन तास गावातल्या बालगृहात जायचं आणि संगणक व मृदू कौशल्यं शिकवायची. पहिल्याच दिवशी त्यांना धक्का बसला तो फोटोबंदीचा. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. रील नाही, सेल्फी नाही, मग सेवा केली हे कळणार कसं, असा प्रश्न दोघातिघांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. त्याच कायद्यामुळे या लेखातही कुणाचं नाव नाही.

संगणकाचा विषय मुलांना हवाच होता. अठरा वर्षं पुरी झाली की बालगृह सोडावं लागतं. पुढे अनुरक्षण गृहात जागा मिळाली तर एकविसाव्या वर्षापर्यंत सोय होते. नंतर बँक, भाडेकरार, नोकरीचा अर्ज, सगळं आपलं आपण. म्हणून आम्ही डिजिलॉकरपासून सुरुवात केली. बारा मुलांनी एकदम बटण दाबलं आणि बारा ओटीपी गेले अधीक्षक मॅडमच्या मोबाइलवर, कारण सगळ्यांच्या आधारला त्यांचाच नंबर जोडलेला. मॅडम कोठीत तूरडाळ मोजून घेत होत्या. एका चपळ मुलाला तिकडे पिटाळलं. त्यानं सहा आकडे चोख पाठ करून आणले, फक्त ते कुणाचे हे विसरला. तो परत जाऊन येईपर्यंत मुदत संपली होती आणि मॅडमची डाळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची झाली होती.

‘अनाथ’ हा शब्द त्या घरात मी एकदाच ऐकला, तोही प्रमाणपत्राच्या संदर्भात. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना एक टक्का आरक्षण आहे आणि त्यासाठी तो कागद लागतो. एक मोठा मुलगा तो अपलोड करत होता आणि संगणक पुन्हा पुन्हा सांगत होता, फाइल फार मोठी आहे. “हो ना,” तो म्हणाला, “खूपच मोठी आहे.” आणि शांतपणे ती लहान करायला बसला.

एका मुलीचं खातं उघडताना संकेतस्थळानं सुरक्षेसाठी प्रश्न टाकला, ‘तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?’ शिकवणाऱ्या मुलाचा हात माउसवरच थांबला. मुलीनं विचारलं, “खरंच लिहावं लागतं, की लक्षात राहील ते?” तो म्हणाला, “लक्षात राहील ते.” तिनं झटकन काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं, पण सांगणार नाही. गुपित राहावं म्हणून तर तो प्रश्न असतो. पदार्थ गोड होता, एवढंच सांगतो.

खरी पंचाईत झाली मृदू कौशल्यांची. अभिवादन, आभार, दिलगिरी असा आमचा अभ्यासक्रम मुलांनी पाच मिनिटांत संपवला. एका सुरात “गुड मॉर्निंग दादाऽऽ”, एका सुरात “थँक्यू ताईऽऽ”. दर आठवड्याला येणाऱ्या पाहुण्यांनी हे विषय आधीच पक्के करून घेतले होते. कुणाचा वाढदिवस, कुणाचं पुण्यस्मरण. एकानं मला हिशेब सांगितला, पावसाळ्यापासून अकरा केक खाल्ले, त्यातला एकही त्याच्या वाढदिवसाचा नव्हता.

तेव्हा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या आमच्या एका मुलीनं अभ्यासक्रम बाजूला ठेवला. म्हणाली, आज ‘नाही’ म्हणायला शिकू. मी पाहुणी. मी म्हणेन चला, फोटो काढू. तुम्ही नाही म्हणायचं.

“चला, फोटो काढू!”

“हो ताई!”

“अरे, नाही म्हणायचंय.”

“हो ताई!”

असं चार वेळा झालं. हसून हसून सगळे लोळले, पण ‘नाही’ काही बाहेर येईना. समोरच्यानं खाऊ आणला असताना नाही म्हणायचं, हे त्यांना उद्धटपणाचं वाटत होतं. मागे बसून मलाही घाम फुटला, कारण या विषयात माझी तयारी त्यांच्याहून कच्ची. शेवटी दुसरीतली एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, “ताई, आज नको. माझी वेणी नीट नाही.” टाळ्यांनी खोली दणाणली.

पुढच्या रविवारी आम्ही प्रोजेक्टर घेऊन पोचलो, तर मुलं दारातच उभी. “दादा, आज सॉफ्ट स्किल नको. क्रिकेट.” स्वयंसेवकांनी माझ्याकडे पाहिलं. शिकवलेलंच तर वापरत होती. अडवणार कुठल्या तोंडानं? मी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचित झालो. वयाचा विचार करून एक जीवदान मागितलं. पंच झालेला मुलगा म्हणाला, “नाही.” डायरीत मी दोन तास ‘कौशल्य विकास’ म्हणूनच नोंदवले.

तुमच्याही घरात वाढदिवस येईल आणि केक घेऊन एखाद्या बालगृहात जावंसं वाटेल. जरूर जा, पण आधी फोन करून विचारा. तिकडून एखाद्या मुलानं “आज नको” म्हटलं, तर मनाला लावून घेऊ नका. शिकवणी नीट चालली आहे, असं समजा.