धाप कोणाला लागलीये?

घटस्थापनेच्या सकाळी त्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली आणि आमच्या माळ्यावरच्या दोन सॅक, दोन जोडी बूट आणि एका दोराचं नशीब एकदम फिरलं. नोव्हेंबरात नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड करायचा बेत होता.

"आता ते राहू दे," मी म्हणालो.

"मग काय, जूनपर्यंत पलंगावर बसून स्वेटर विणू?" ही म्हणाली. हिला विणता येत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे पहिला धक्का बसला तो गणिताचा. शेवटच्या पाळीपासून मोजायचं, एकूण चाळीस आठवडे. म्हणजे आजच पाचवा चालू. याचा अर्थ पहिले दोन आठवडे बाळ नव्हतंच, पण मस्टरवर त्याची हजेरी लागलेली. सरकारी नोकरीत जाणार, असं माझ्या मनात येऊन गेलं.

ट्रेकिंगचा विषय काढल्यावर बाई हसल्या. "चाला की. सवय आहे ना? पडायचं नाही, उन्हात तापायचं नाही, पाणी पीत राहायचं. आणि चढताना सहज बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की थांबायचं."

मी ते वहीत उतरवून घेतलं. हिला बोलता येईल की नाही, ही काळजी मला लग्नापासून कधी वाटलेली नाही.

तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. अडचण एवढीच की पुण्यात गुपित घेऊन टेकडीवर जाणं म्हणजे पैसे लपवायला बँकेत जाण्यासारखं. सगळे ओळखीचे तिथेच असतात.

सुरुवात पर्वतीपासून केली. पायऱ्या १०३, त्याही पसरट आणि बुटक्या. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये हे देऊळ उभारलं तेव्हा आमचाच विचार केला असावा. हिनं पहिल्या पायरीला शेजारच्या बिल्डिंगमधल्या पार्किंगच्या भांडणाची कथा सुरू केली. चाळिसाव्या पायरीला सेक्रेटरींनी दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडली. साठाव्या पायरीला हिनं विचारलं, "बरोबर आहे का सांग, त्यांनी असं करायला हवं होतं?"

मी मान हलवली.

"बोल ना."

मी पुन्हा मान हलवली. वरच्या अंगानं मोजे घातलेले एक आजोबा उतरत होते. ते माझ्यापाशी थांबून म्हणाले, "नाकानं श्वास घ्या. तोंडानं नाही." हिनं माझी पाण्याची बाटली माझ्याच हातात दिली. डॉक्टरीणबाईंच्या परीक्षेत आमच्यापैकी एक जण नापास झाला होता.

दिवाळी आली ती नवव्या आठवड्यात. मळमळीचा जोर याच सुमाराला सगळ्यात जास्त असतो, हे मी वाचलं होतं. चकलीचं तेलही याच सुमाराला तापतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आई साताऱ्याहून आली होती. कढईत पहिला घाणा पडला आणि ही "फोन आला वाटतं" म्हणत गॅलरीत पळाली. फोन ओट्यावरच होता. आईनं फोनकडे पाहिलं, चकलीकडे पाहिलं आणि आच कमी केली.

तळण संपेपर्यंत घरात थांबणं शक्य नव्हतं. "जरा पाय मोकळे करून येतो," मी म्हणालो. आईनं हिच्या हातावर आवळासुपारीची डबी ठेवली. "असू दे, तोंडात टाकायला." मला म्हणाली, "स्वेटर घे तिचा." मला वाटलं, आईचं वय झालंय, एवढ्या उकाड्यात स्वेटर.

वेताळ टेकडी हा पुण्याचा सर्वांत उंच माथा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पण गाडीनं निम्मी उंची आधीच गाठता येते, म्हणून ती आमच्या नव्या यादीत बसली. कुसळी गवत सोनेरी झालं होतं. खाणीच्या कडेनं चालताना दूर मोर ओरडला. वर वेताळबाबाचं देऊळ आहे. माझी आजी असती तर पोटुशी बाईला तिन्हीसांजेला वेताळाच्या दारात नेल्याबद्दल तिनं मला तिथेच बांधून ठेवलं असतं. ही मात्र वेताळापुढे हात जोडून म्हणाली, "तुमच्याकडे तळणाचा वास येत नाही, फार उपकार आहेत." उतरताना गार वारा सुटला आणि हिनं स्वेटर मागितला. तो मी आणला नव्हता.

उतारावर मी सारखा ओरडत होतो: "जपून! खडी आहे! बाजूनं ये!" समोरून सोसायटीतल्या काकू आल्या. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "बूट नवे आहेत."

काकूंनी हिच्या सहा पावसाळे पाहिलेल्या बुटांकडे पाहिलं आणि हिला म्हणाल्या, "मला काही माहीत नाही हं."

नोव्हेंबर मध्यावर आला, हवेत शिरशिरी आली. मग सिंहगड. तानाजी मालुसरे १६७० मध्ये कडा चढून गेले. आम्ही वाहनतळाची पावती फाडून गेलो. घाटाच्या प्रत्येक वळणाला ही लिंबू हुंगत होती आणि मी ताशी वीसच्या वेगानं मागच्या गाड्यांच्या शिव्या खात होतो. पुणे दरवाजातून आत गेलो, देवटाक्यापाशी टेकलो, कल्याण दरवाजाकडे जायचा मोह टाळला. हिला एकाएकी मडक्यातलं दही हवं झालं.

दहीवाल्या मावशी झाडाखाली टोपली मांडून बसल्या होत्या. ओल्या फडक्याखाली मातीची बोटभर उंचीची मडकी. वहीतली माहिती माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागली.

"मावशी, दही पाश्चराइज्ड दुधाचं आहे का?"

"म्हशीच्या दुधाचं हाय."

"तसं नाही, दूध उकळलेलं—"

"न उकळता इरजान लावत्यात व्हय कुठं?" मावशींनी मला बाजूला सारून हिच्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं, पोटाकडे तर नाहीच. "कितवा गं?"

"तिसरा," ही म्हणाली.

सहा आठवडे जपलेलं गुपित असं एका मडक्यापाशी संपलं. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मावशी मडक्यात मीठ टाकत म्हणाल्या, "तिच्याकडं बघून न्हाई कळलं. तुमच्याकडं बघून कळलं. बसा जरा सावलीला, किती दमलाय." पैसे दोन मडक्यांचेच घेतले, तिसरं हिच्या हातात ठेवलं. ते मला मिळालं नाही.

डिसेंबरात बारावा आठवडा सरला, सोनोग्राफी झाली. पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक ठिपका टकटकत होता. माझ्याच छातीतली धडधड असेल असं आधी वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान आहे. त्या आनंदात माथेरान.

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे लाल माती, दाट झाडी आणि घोडेवाले. "साहेब, घोडा घ्या. वहिनींना चालवत नेणार?" घोड्यावर बसायला हिला सक्त मनाई होती, पण कारण सांगायची सोय नव्हती. "वहिनींना घोड्याची भीती वाटते," मी म्हणालो. वहिनी त्या वेळी घोड्याच्या कपाळावर हात फिरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी शार्लट तलावाकडे निघालो. मी पुढे चालत मागे वळून सूचना देत होतो: इथे मूळ आहे, इथे माती सरकते. ही हातातल्या काठीनं मूळ चाचपून पार होत होती. "आणि इथे विशेष जपून—" असं म्हणालो आणि त्याच मातीवरून बसत बसत सहा फूट खाली गेलो. घोटा मुरगळला. तांबड्या मातीनं मी नैवेद्याच्या गुळासारखा दिसत होतो.

आता मला नाइलाजानं घोडा लागला. जनावराचं नाव राजा, त्याचा लगाम घोडेवाल्याच्या हाती, माझी सॅक हिच्या हाती. मान्य करतो, पहिल्यांदाच मला चढावर सहज बोलता येत होतं. हिनं पुढे जाऊन फोटो काढला आणि सहज म्हणून आईला पाठवला.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"तू घोड्यावर आणि ती चालत?" आई कडाडली. "तिसरा महिना सरतोय तिचा!"

घोडा थांबला. मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं?"

"चकलीनं. आवळासुपारी काय मी तुझ्यासाठी दिली होती? स्वेटर नेलास का तेव्हा?"

मी गप्प.

"बोलत का नाहीस? धाप लागली का? बसून राहूनसुद्धा?" आईचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं, दे फोन तिच्याकडे. तिला बोलता येतंय ना?"

फोन खाली दिला. ही काठी टेकत, राजाच्या बरोबरीनं चढ चढत, पार्किंगच्या भांडणापासून सुरुवात करून आईला सगळं सांगू लागली. बाजार येईपर्यंत एकदाही थांबली नाही.