हळहळ पुरे, हर्बी निकल्स लावा

हर्बी निकल्सचं नाव निघालं की जॅझवाले आधी उसासा टाकतात. मग गोष्ट सांगतात. बिचारा! हयातीत कुणी विचारलं नाही. पोटासाठी नको ते वाजवत बसला. चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. पण ती सांगून झाली की सांगणारा उठतो आणि माइल्स डेव्हिसची तीच ती तबकडी लावतो. माझं भांडण इथं आहे.

एखाद्या संगीतकाराचं दुःख सगळ्यांना पाठ आणि चाल एकालाही गुणगुणता येत नाही, हा त्याचा कसला सन्मान? हयातीत त्याला ऐकलं नाही, हा एक अन्याय झाला. आता त्याच्या नावानं डोळे पुसायचे आणि तरीही त्याला ऐकायचं नाही, हा दुसरा. पहिल्यात आपला हात नव्हता. दुसरा आपण रोज करतो.

तेव्हा आधी संगीत. चरित्र नंतर.

'हाउस पार्टी स्टार्टिंग' नावाची त्याची एक चाल आहे. साडेपाच मिनिटांची. पियानोवर तो स्वतः, सोबत एक बास आणि ड्रमवर मॅक्स रोच. नाव ऐकून वाटतं, धमाल असणार. पियानो मात्र एक छोटं वळण घेतो आणि थबकतो. पुन्हा तेच वळण, पण या वेळी खालचा स्वरमेळ किंचित सरकलेला असतो, म्हणून तेच सूर वेगळ्या उजेडात दिसतात. पुन्हा थबकणं. घरात दिवे लागले आहेत, खुर्च्या मांडून झाल्या आहेत, दार उघडं आहे आणि अजून कुणी आलेलं नाही, अशी ती वेळ. आनंद होणार की नाही हे ठरायचं आहे. जॅझमध्ये दुःखाच्या चाली ढिगानं आहेत, मजेच्याही आहेत. पण मजा सुरू होण्याआधीची धाकधूक इतकी नेमकी पकडलेली दुसरी चाल मला माहीत नाही. मी ती कितीदा ऐकली असेल याचा हिशेब नाही, आणि दर वेळी त्या थबकण्यापाशी माझाही श्वास अडतो.

आणखी एक गोष्ट त्याच तुकड्यात ऐका. मूळ चाल संपली की एरवी वादक तिला रामराम ठोकतात आणि नुसत्या स्वरमेळांवर आपापली करामत सुरू करतात. निकल्स चाल सोडत नाही. तो तिच्याच भोवती फिरतो, तिचा एक कोपरा उचलतो, उलटून बघतो, परत ठेवतो. ख्यालात बंदिशीचा मुखडा धरून बढत करणारे गवई आपण ऐकले आहेत. ज्याला त्यांची गोडी कळते, त्याला इथं काही समजावून सांगावं लागू नये.

आता ड्रम. याच्यासाठी तर मी निकल्सवर जीव टाकतो.

त्या काळच्या बहुतेक जॅझ रचनांत ड्रमवाल्याचं काम ठरलेलं असे: ठेका धरायचा, आणि शेवटाकडे वाट्याला आलीच तर चार-आठ बारांची, म्हणजे तालाच्या तेवढ्या खंडांची, आतषबाजी करायची. निकल्सनं ड्रमसाठीची जागा थेट चालीतच ठेवली. पियानोचं वाक्य अर्ध्यावर तुटतं आणि ते ड्रम पुरं करतो. लावणीत गाणारीचा शब्द जिथं थांबतो तिथून ढोलकी बोल उचलते ना, तसं. ती जागा ऐन वेळी सुचलेली नसते, चाल बांधतानाच सोडलेली असते. पियानोच्या वाक्याला ड्रमचं उत्तर आलं नाही तर चाल लंगडी पडेल, अशी तिची बांधणी आहे. 1955 मध्ये हे करायला छाती लागत होती. आणि त्या जागा भरायला त्याला माणसं मिळाली ती आर्ट ब्लेकी आणि मॅक्स रोच. ब्लेकी त्या रिकाम्या जागेत गडगडाट ओततो. रोच तिथं दोन नेमके ठोके ठेवतो आणि बाजूला होतो. एकाच माणसाच्या चाली दोघांच्या हाताखाली कशा पालटतात हे लागोपाठ ऐकून बघा. मांडीवर ताल धरून ऐका. एरवीच्या जॅझ चाली बहुतेक 32 बारांच्या चौकटीत बसतात. निकल्सच्या काही चाली ती चौकट गुमान मोडतात, आणि मांडीवरचा हात बरोबर त्या ठिकाणी चुकतो.

ब्लू नोट कंपनीच्या त्याच्या तबकडीच्या पाठीवरचा मजकूर त्यानं स्वतःच लिहिला. त्यातही तो ड्रमच्या नादाबद्दल बोलतो. पियानोवर बसून हा माणूस चामड्याचा विचार करत होता.

आता चरित्र, आणि तेही जिथं राग यावा तिथं थांबत.

जन्म 3 जानेवारी 1919, न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या सॅन वान हिल वस्तीत. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले, सेंट किट्स आणि त्रिनिदादची मुळं असलेले. पियानोवादक थेलोनियस मंकही लहानाचा मोठा झाला तो याच वस्तीत. (लिंकन सेंटर नावाचं भलंमोठं संगीतसंकुल उभारायला पुढं या वस्तीचा मोठा भाग पाडला. मंक आणि निकल्स दिलेल्या वस्तीतल्या गल्ल्या पाडून तिथं संगीताची मंदिरं बांधली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.)

मंकचं नाव आलंच, तर पहिला हिशेब इथंच होऊ दे. निकल्सला आजही 'मंकच्या वळणाचा' असं म्हणून निकालात काढतात. 1940 च्या दशकात, मंककडे कुणी गंभीरपणे बघत नव्हतं तेव्हा, त्याच्याबद्दल छापील लेख लिहिणाऱ्या अगदी पहिल्या मोजक्या लोकांत निकल्स होता. वाजवणारा असून दुसऱ्या वाजवणाऱ्याचं मोठेपण त्यानं ओळखलं, कागदावर लिहून दिलं. आणि बक्षीस काय मिळालं? त्याचीच सावली ठरवला गेला. मंकच्या चाली कातळासारख्या असतात, एकेक घाव मोजून घातलेला. निकल्सच्या चाली चालतात, वळतात, मध्येच मागं वळून बघतात. दोघांना दोनच तास शेजारी शेजारी ऐकलं तरी ही गल्लत होणार नाही. ते दोन तास कुणी काढत नाही, म्हणून ती छापील वाक्यं एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात फिरत राहतात.

1964 च्या फेब्रुवारीत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मंक झळकला. निकल्स आदल्या वर्षी, 12 एप्रिल 1963 ला गेला होता.

दुसरा हिशेब 'लेडी सिंग्ज द ब्लूज'चा. हे नाव ऐकलं नाही असा जॅझचा श्रोता नसेल. बिली हॉलिडेचं गाणं, तिच्या 1956 च्या आत्मचरित्राचं नाव, 1972 च्या चित्रपटाचं नाव. चाल निकल्सची. त्यानं तिचं नाव ठेवलं होतं 'सेरेनेड'. बिलीनं शब्द घातले, नाव बदललं, आणि त्या आवाजाला ते शोभलं यात शंका नाही. पण चित्रपट बघून आलेल्या कुणालाही विचारा, चाल कुणाची? त्यानं स्वतः तीन वाद्यांत वाजवलेली तीच चाल ऐका. शब्द नसताना ती जास्त ताठ मानेनं उभी राहते.

तिसरा हिशेब 'द्रष्टा' या शब्दाचा. आल्फ्रेड लायनच्या ब्लू नोट कंपनीच्या मागं तो कित्येक वर्षं लागला होता. अखेर मे 1955 ते एप्रिल 1956 या काळात त्याच्या पाच बैठका ध्वनिमुद्रित झाल्या, न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात. लायनला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. विकलं जाण्याची फारशी आशा नसलेल्या माणसाला त्यानं वर्षभरात पाचदा बोलावलं आणि देशातले सर्वांत भारी ड्रमवाले दिले. पण तबकडीचं नाव ठेवलं 'द प्रॉफेटिक हर्बी निकल्स'. द्रष्टा! हा शब्द मला खुपतो. एखाद्याला द्रष्टा म्हटलं की त्याला आज ऐकायची जबाबदारी उद्यावर ढकलता येते. निकल्स उद्यासाठी लिहीत नव्हता. त्याला त्याच शुक्रवारी रात्री, त्याच गावात, पाच-सहा जणांच्या बँडमध्ये आपली चाल वाजायला हवी होती.

ते कधी झालं नाही. तीन तबकड्या निघाल्या, बाकीचा माल कपाटात पडून राहिला. 1957 मध्ये बेथलहेम कंपनीसाठी आणखी एक मुद्रण झालं, 'लव्ह, ग्लूम, कॅश, लव्ह' नावाचं. संपलं. या सगळ्यांत पियानो, बास, ड्रम एवढंच. ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही. रचनाकाराचं दुखणं पियानोवाल्याच्या दुखण्याहून वेगळं असतं. पियानोवाल्याला पियानो मिळाला की पुरतं. रचनाकाराला माणसं लागतात, तालीम लागते, आपली चाल दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागते. निकल्सनं सुमारे 170 रचना केल्या. त्या वाजवून बघायला त्याला स्वतःचा बँड कधी ठेवता आला नाही.

मग तो रोज काय वाजवत होता? डिक्सीलँड. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या धाटणीचं, गिऱ्हाइकांना ओळखीचं वाटणारं जॅझ. ग्रिनिच व्हिलेजमधल्या 'पेज थ्री' नावाच्या क्लबात गायक-गायिकांना साथ. शीला जॉर्डन तिथं गायची, तिच्या मागं पियानोवर हा. साथ करणं कमीपणाचं नाही, आणि मला कुणी तसं वाचू नये. पण घरी दीडशेच्या वर चाली लिहून ठेवलेल्या माणसाला रात्रभर दुसऱ्यांच्या चालींत बसवायचं आणि सकाळी 'त्याचं संगीत अवघड होतं' म्हणायचं, हा निव्वळ खोटेपणा आहे. अवघड की सोपं, हे श्रोत्यांनी ठरवण्याइतकं ते त्यांच्या कानांवर पडलंच कुठं?

'अवघड' या सबबीचं तर आपल्याकडे नावच काढू नका. जयपूर घराण्याचे अनवट जोडराग महाराष्ट्रानं रात्र रात्र जागून ऐकले आहेत. केसरबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर पचवलेल्या कानांना निकल्सची साडेपाच मिनिटं जड जातील, हे मी मान्य करणार नाही.

ऐकणारे कान त्या वेळीही होते, थोडे होते. पियानोवादक मेरी लू विल्यम्सनं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याच्या चाली उचलून मुद्रित केल्या, कुणाच्याही आधी. ए. बी. स्पेलमननं 1966 च्या आपल्या पुस्तकात चार वादकांची आयुष्यं मांडली: सेसिल टेलर, ऑर्नेट कोलमन, जॅकी मॅक्लीन आणि चौथा निकल्स. त्याची हकीकत जगाला कळली ती मुख्यतः या पुस्तकातून. आणि एक तरुण ट्रॉम्बोनवाला होता, रॉझवेल रड. तोही डिक्सीलँड वाजवूनच वर आलेला. 1960 च्या सुमारास तो निकल्सच्या संगतीत आला, त्याच्याबरोबर बसून त्याच्या चाली शिकला, आणि गुरूच्या माघारी पुढची अर्धी हयात त्या वाजवत, शिकवत, छापत राहिला. 1982 मध्ये रड, सोप्रानो सॅक्सोफोनवाला स्टीव्ह लेसी आणि डच पियानोवादक मिशा मेंगेलबर्ग यांनी मिळून एक तबकडी केली. अर्ध्या चाली मंकच्या, अर्ध्या निकल्सच्या, आणि दोघांना मान सारखा. मेंगेलबर्ग तर निकल्सच्या चाली ॲमस्टरडॅमला घेऊन गेला आणि तिथल्या आपल्या वाद्यवृंदाच्या अंगवळणी पाडल्या. हळहळ कुणीही करतं. या लोकांनी तालीम केली.

निकल्सच्या मृत्यूनंतर त्याची हस्तलिखितं वडिलांच्या घरी होती. घरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीचशी गेली. ही गोष्ट वाचली तेव्हा मला पुढं वाचवेना. शाईनं लिहिलेले सूर पाण्यात विरघळताना दिसत राहिले.

पण निकल्स व्यवस्थित माणूस होता. आपल्या चालींचे कागद त्यानं कॉपीराइटसाठी वॉशिंग्टनला पाठवून ठेवले होते. 1990 च्या दशकात फ्रँक किंब्रो हा पियानोवादक आणि बेन ॲलिसन हा बासवादक यांनी 'हर्बी निकल्स प्रोजेक्ट' नावाचा बँड काढला आणि तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन ते कागद शोधून काढले. नुसती सुरावट आणि वर स्वरमेळांच्या खुणा. कधीच मुद्रित न झालेल्या चाली. त्यांनी त्या बसवल्या, 2001 मध्ये 'स्ट्रेंज सिटी' नावानं बाहेर काढल्या. त्यांच्या बँडमध्ये ट्रम्पेट होता, दोन सॅक्सोफोन होते.

आज रात्री आधी 'हाउस पार्टी स्टार्टिंग' लावा, रोचवालं. मग लगेच 'स्ट्रेंज सिटी'. ट्रम्पेटचं वाक्य अर्ध्यावर तुटतं, मध्ये जागा सुटते, आणि त्या जागेत ड्रम बोलतो.